रत्नागिरी शहरातल्या तुमच्या आवडत्या जागा सांगा (गणपतीपुळे सोडून)

पाखाडी:

मुंबई-पुण्याचे ओळखीचे लोक फोन करतात. "पुळ्याला चाललोय, जाता जाता रत्नागिरीत काय बघता येईल?" मग थिबा राजवाडा पंधरा मिनिटांत उरकायचा, मारुती मंदिराच्या आसपास जेवायचं आणि निघायचं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. पुळ्याच्या गणपतीवर सगळ्यांइतकीच माझीही श्रद्धा आहे, पण ज्या गावात मी वाढले ते गाव कुणी गाडी बदलायच्या थांब्यासारखं वापरलं की मनाला लागतं.

म्हणून हा धागा. फक्त शहर आणि त्याच्या आसपासच्या जागा. एकच विनंती आहे. जागेबरोबर वेळही लिहा: दिवसातली, वर्षातली, भरती-ओहोटीची. आपल्याकडची बरीचशी ठिकाणं चुकीच्या वेळी गेलं तर काहीच सांगत नाहीत. मे महिन्यातल्या दुपारी किल्ल्यावर नेलेला पाहुणा आयुष्यात परत येत नाही.

सुरुवात माझ्यापासून. मांडवी, ओहोटीला, ऊन उतरल्यावर. रत्नदुर्ग किल्ल्याचा डोंगर समुद्रात घुसलाय आणि त्याने किनाऱ्याचे सरळ दोन भाग केलेत. दक्षिणेला मांडवीची काळी वाळू, उत्तरेला मिऱ्याच्या बाजूला पांढरा समुद्र. एकाच गावात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, वाळूचे दोन रंग. काळी वाळू घाण आहे असं वाटून पाहुणे चपला काढत नाहीत. ती घाण नव्हे. इथला डोंगर मुळात बेसाल्टचा. तो झिजतो, त्यातली इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही जड खनिजं नद्यांबरोबर खाली येतात आणि लाटा हलके कण वाहून नेतात तेव्हा ती किनाऱ्यावर मागे राहतात. घरात लोहचुंबक असेल तर घेऊन जा आणि वाळूत फिरवा. पोरं तासभर हलत नाहीत. पांढऱ्या समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा जास्त. आता तिथला बराच किनारा धुपलाय, दगडी बंधारा घातलाय, त्यामुळे लहानपणी पाहिलेला रुंद पट्टा शोधायला जाऊ नका. तरी दोन्ही वाळू एकाच संध्याकाळी बघाच.

भाट्येकरीण:

छान धागा. मी भाट्याच्या बाजूने बोलणार, नावावरून कळलंच असेल.

भाट्याचा किनारा पहाटे. रविवारी संध्याकाळी तिथे उंट, घोडे, मक्याची कणसं आणि गाड्या. ती गर्दीही कुणाला आवडत असेल, पण सकाळी सहाला सुरूच्या बनातून वाळूवर उतरलात तर लांबलचक सपाट किनारा जवळजवळ रिकामा मिळतो. एका टोकाला काजळी नदीचं मुख, पलीकडे राजिवडा. खाडीतून होड्या बाहेर निघालेल्या दिसतात. दुसऱ्या टोकाला, जिथे रस्ता पावसच्या दिशेने चढायला लागतो तिथे, झरी विनायक. डोंगरातून झिरपणारं गोडं पाणी आणि समोर खारा समुद्र. माझी आजी दर संकष्टीला तिथे चालत जायची.

किनाऱ्याला लागूनच कोकण कृषी विद्यापीठाचं नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ पासूनचं. पर्यटक फाटकावरची पाटी वाचून पुढे जातात. नारळाची 'प्रताप' ही जात इथूनच आली, आपल्या बाणवली माडांतून निवड करून. कुणाला परसात माड लावायचा असेल तर रोपं पावसाच्या तोंडावर मिळतात का याची आधी चौकशी करून या. मे महिन्याच्या शेवटी ज्यांच्या गाडीच्या टपावर माडाची रोपं दिसतात ते सगळे इथूनच निघालेले असतात.

निवळी_फाटा:

किनाऱ्याचं सगळे लिहितील. मी सड्यावरचं, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावरचं लिहितो.

कातळशिल्पं. शहरापासून गाडीने तासाभराच्या आत कितीतरी ठिकाणी आहेत. उक्षी, जांभरूण, चवे, उमरे. उक्षीला कोकण रेल्वेचं स्टेशनही आहे. तिथला कातळात कोरलेला हत्ती पहिल्यांदा बघितला तेव्हा मी बराच वेळ काही बोललो नाही. आयुष्यभर ज्या सड्यावरून गुरं गेली, ज्याला आम्ही 'काही उगवत नाही' म्हणत आलो, त्याच सड्यावर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी बसून एवढा मोठा प्राणी कोरला होता. गावकऱ्यांनी त्याभोवती चिऱ्याचा गडगा घातलाय, वरून बघता येतं. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांची ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्यात उक्षी आणि जांभरूण दोन्ही आहेत, शिवाय राजापूरकडची कशेळी, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी, गोव्यातलं पणसायमळ.

वेळ: सकाळी लवकर किंवा चारनंतर. सूर्य कलता असला की कोरलेल्या रेषेत सावली पडते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी सगळा कातळ सपाट, एकरंगी. फोटो नीट यावा म्हणून खडूने रेषा भरणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून करू नका. बूट घालून चित्रावर चालू नका.

जांभरूणला गेलात तर फक्त शिल्प बघून परतू नका. खाली गावात उतरा. पोफळीच्या आगरांमधून पाटाचं पाणी खेळवलंय, पाखाड्या (दगडी पायवाटा) आहेत, मंदिर आहे. उन्हाळ्यातही गारवा असतो.

पाखाडी:

@निवळी_फाटा, गणपती झाल्यावर सड्यावर फुलं असतात ते राहिलं की. सप्टेंबरात कातळावर पाणी साचलेलं असतं आणि त्यात निळी-जांभळी सीतेची आसवं, गेंद, कडेने तेरडा. तेव्हा कातळशिल्पं पाण्याखाली किंवा गवतात असतात, पण सडा स्वतःच बघण्यासारखा असतो.

खलाशाचा_मुलगा:

मिरकरवाडा. कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. वास येतो म्हणून लोक टाळतात.

माझे वडील आयुष्यभर बोटीवर होते, त्यामुळे मला ते बंदर घरासारखं आहे. होड्या लागल्या की जेट्टीवर लिलाव सुरू होतो. पाट्या ओतल्या जातात, भोवती बायका-पुरुषांचं कडं, आकडे एवढ्या वेगाने पुकारले जातात की नवख्याला कळतही नाही माल कुणी घेतला ते. किलो-दोन किलो हवं असेल तर लिलावात मध्ये घुसू नका. लिलावातून माल घेतलेल्या बायका बाजूला वाटे लावून बसतात, त्यांच्याकडून घ्या. बांगड्याचा डोळा आणि कल्ला बघून घ्या, आणि बाई सांगेल तो भाव आधी ऐका. ती तिथे पहाटेपासून उभी आहे.

वर्षाची वेळ महत्त्वाची. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद. तेव्हा बंदरात बोटी शाकारून उभ्या असतात, खलाशी आपापल्या गावी. त्यातले कितीतरी नेपाळचे, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. या दोन महिन्यांत हॉटेलात 'ताजी सुरमई' सांगितली तर ती कुठली ते विचारा. पावसात खाडीचं खा. कालवं, मुळे, खुबे. कालवांसाठी ओहोटीला खडकावर बसून कोयतीने एकेक फोडणाऱ्या बायका राजिवड्याच्या बाजूला दिसतील. ते काम किती कष्टाचं असतं ते बघा आणि मग भाव करा.

एक गोष्ट खटकते ती पण लिहितो. काजळीच्या मुखाशी गाळ साचतो आणि ओहोटीला होड्या आत घेणं जिवावरचं होतं. तिथे होड्या उलटल्यात, माणसं गेलीत. मांडवीच्या जेट्टीवर उभं राहून मावळतीचे फोटो काढताना समोर पांढरी फुटणारी लाट दिसते ना, ती तिथेच फुटते.

दूरदेशी:

@खलाशाचा_मुलगा, तुमचं वाचून डोळे भरले. मी गेली कित्येक वर्षं आखातात आहे. आमच्या राजिवड्यातले अर्धे पुरुष एक तर बोटीवर नाहीतर आखातात.

माझ्या दोन जागा. पहिली, जिल्हा नगर वाचनालय. १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. शाळेत असताना दर शनिवारी पुस्तक बदलायला जायचो. बाहेरच्या माणसाने तिथे काय बघायचं असं कुणी विचारेल. मी म्हणेन, आत जाऊन वर्तमानपत्र वाचत बसा. या गावाला वाचायची सवय किती जुनी आहे ते तिथल्या बाकांवर कळतं.

दुसरी, हातिस. काजळीच्या काठावरचं गाव, शहरापासून जवळ. पीर बाबरशेखांचा दर्गा. माघी पौर्णिमेला उरूस भरतो आणि तो गावातले हिंदू आणि आजूबाजूचे मुसलमान मिळून करतात. लहानपणी आम्ही होडीतून जायचो. मी मुलांना सुट्टीत आणतो तेव्हा पहिल्यांदा हातिसला नेतो, मग बाकी सगळं.

टिळक_आळी:

थिबा राजवाडा पंधरा मिनिटांत उरकणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहितो, कारण ही जागा इतिहास माहीत असल्याशिवाय रिकामी वाटते.

१८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा याला राणी सुपायालतसह देशाबाहेर काढलं. १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं. आधी दिल्लीच्या बहादूरशाह जफरला रंगूनला पाठवलं होतं, आता रंगूनच्या बाजूचा राजा आमच्याकडे. आपल्या प्रजेपासून इतकं दूर, जिथे रेल्वे नाही, पावसाळ्यात बोट नाही, असं ठिकाण हवं होतं आणि त्या काळी रत्नागिरी तशी होती. राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये. राजा वारला डिसेंबर १९१६ मध्ये. म्हणजे ज्या वास्तूला आपण त्याचं घर म्हणतो तिथे तो आयुष्याची शेवटची काही वर्षंच राहिला. त्याआधीची दोन तपांहून जास्त वर्षं भाड्याच्या बंगल्यांत गेली.

हे डोक्यात ठेवून वरच्या मजल्यावरच्या सज्जात उभे राहा. समोर भाट्याची खाडी, पलीकडे समुद्र. लाकडी महिरपी, रंगीत काचा, ब्रह्मदेशी सागवान, सगळं ठीक. पण मुख्य तो सज्जा. तिथून दिसणारा समुद्र त्याच्या देशाच्या उलट दिशेला आहे.

राणी आणि मुली १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परतल्या. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. इथल्याच एका माणसाशी तिचं नातं जुळलं होतं, मुलगी झाली होती. राजाची समाधी शिवाजीनगर भागात आहे, घरांच्या मध्ये, शोधावी लागते. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन मुद्दाम तिथे येऊन गेले. आपल्यातले किती जण गेलेत? मला वाटतं राजवाडा बघितल्यावर समाधीवर न जाणं म्हणजे गोष्ट अर्धी सोडणं.

सोमवारी संग्रहालय बंद. जानेवारीत येणार असाल तर राजवाड्याच्या आवारात शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो त्याच्या तारखा बघून या. उघड्यावर, थंडीत, मागे उजळलेला राजवाडा. आणि थिबा पॉइंटवर सूर्यास्ताला जा, पण तिथली रेलिंग ओलांडू नका.

वाटाड्या७७:

आरे-वारे कुणी घेतलं नाही. तो रस्ता वरून दिसतो तेव्हा दोन्ही बाजूंचा समुद्र... मला तर शहरापेक्षा तेच आवडतं. शहराच्या यादीत बसतं का?

पाखाडी:

बसतं, माझ्याकडून. पण घाटातून बघण्यासाठी. पोहायला अजिबात नाही. दर वर्षी बाहेरची तरणी पोरं तिथे बुडतात. पाण्याला आतून ओढ आहे, ती वरून दिसत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ती आणखी वाढते. स्थानिक माणूस भांगेच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या दिवसांतही तिथे गुडघ्याच्या पुढे जात नाही. कुणी सांगितलं 'जाऊ नका' तर ऐका, तो तुमची मजा घालवायला सांगत नाही.

खालची_आळी:

सगळ्यांनी जागा सांगितल्या, मी रात्र सांगतो. फाल्गुन पौर्णिमेची.

बारा वाड्यांचा श्री देव भैरी आमच्या आळीत. होळीच्या मध्यरात्री पालखी देवळाबाहेर निघते. तेव्हा आख्खं गाव रस्त्यावर असतं. नोकरीसाठी मुंबईत असलेला माणूस गणपतीला एखाद्या वर्षी चुकेल, शिमग्याला नाही. ढोल-ताशे, पालखी नाचवणं, खांदा मिळावा म्हणून पोरांची धडपड. पालखी झाडगावच्या सहाणेवर (पालखी बसवायच्या जागेवर) येते, होळी उभी राहते. रंगपंचमीपर्यंत गाव वेगळंच असतं.

पाहुण्यांनी जरूर यावं. पण हा कार्यक्रम नव्हे, देवाचं काम आहे. पालखीच्या वाटेत उभं राहून सेल्फी काढू नये. चपला काढायची वेळ कुठली ते शेजारच्याला विचारावं, तो आनंदाने सांगतो. खेड्यांमध्ये त्याच दिवसांत नमन-खेळे, संकासूर सुरू असतात. ओळखीचं कुणी असेल तर एखाद्या वाडीत रात्र काढाच.

आणि पतितपावन मंदिर कसं सुटलं? १९३१ चं. सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांची कल्पना आणि भागोजीशेठ कीरांचा पैसा. सर्व जातींच्या माणसांनी एकत्र गाभाऱ्यात जाऊन पूजा करावी यासाठी बांधलेलं देऊळ, तेही त्या काळात. सावरकरांबद्दल लोक खूप बोलतात, भागोजीशेठबद्दल फार थोडे. भंडारी समाजातला गरीब घरचा मुलगा मुंबईत जाऊन मोठा ठेकेदार झाला आणि मिळवलेलं असं खर्च केलं. किल्ल्याजवळचं भागेश्वराचं देऊळही त्यांचंच. दादरच्या स्मशानभूमीसाठी जागा त्यांनी दिली, हे मुंबईकरांनाही माहीत नसतं. मंदिरात उभे राहाल तेव्हा त्यांचीही आठवण काढा.

पहिलीच_खेप:

वाचून यायचंच ठरवलं. डिसेंबरात दोन दिवस आहोत, सोबत आई (गुडघेदुखी) आणि आठ वर्षांचा मुलगा. किल्ला आईला जमेल का? आणि मुलासाठी काय? आम्ही शाकाहारी आहोत.

भाट्येकरीण:

@पहिलीच_खेप, जमेल. रत्नदुर्गाच्या बालेकिल्ल्यापर्यंत गाडी जाते, मग थोड्या पायऱ्या. भगवतीच्या देवळात बसू द्या त्यांना, तिथेच वारा छान येतो. तुम्ही मुलाला घेऊन तटावरून चक्कर मारा. किल्ला घोड्याच्या नालेसारखा, सुमारे १२० एकरांत पसरलेला आहे, तीन बाजूंना समुद्र. एका बाजूला खाली मिरकरवाड्याच्या बोटी, दुसऱ्या टोकावर १८६७ चं दीपगृह. संध्याकाळी साडेचारला पोचा.

मुलासाठी झाडगावचं मत्स्यालय. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं आहे. देवमाशाचा प्रचंड सांगाडा बघून मुलं तोंड उघडी टाकून उभी राहतात.

शाकाहारी माणसाची इथे चैन असते. घरगुती खानावळीत उकडीचे मोदक, सोलकढी, आमटीत कोकम, ओल्या खोबऱ्याची भाजी. मोदक आदल्या दिवशी सांगून ठेवा.

टिळक_आळी:

आईंना टिळक जन्मस्थानही दाखवा. २३ जुलै १८५६ ला लोकमान्य इथे जन्मले. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत याच गावात. साधं कौलारू घर, पडवी, माजघर, अंगण, आत जास्त पायऱ्या नाहीत. जुनं कोकणी घर आतून कसं असतं ते मुलालाही कळेल.

वाटाड्या७७:

रेल्वेने येत असाल तर उजेडात करबुडे बोगदा पकडा. साडेसहा किलोमीटरचा आहे, उक्षी सोडलं की लगेच. मुलाला घड्याळ लावून मोजायला सांगा. परतीला गोव्याकडे जाणार असाल तर रत्नागिरी स्टेशन सोडल्यावर थोड्याच वेळात पानवलचा पूल, दरीपासून सुमारे ६४ मीटर उंच. दारात उभं राहू नका, खिडकीतूनही पुरेसं दिसतं.

पहिलीच_खेप:

सगळ्यांचे आभार. मग पहिला दिवस: सकाळी भाट्ये आणि झरी विनायक, दुपारी टिळक जन्मस्थान, संध्याकाळी किल्ला. दुसरा दिवस: थिबा राजवाडा, समाधी, मत्स्यालय, संध्याकाळी मांडवी. पुळ्याला जायला वेळ उरत नाही असं दिसतंय.

पाखाडी:

दोन बदल करा. तुमचा दुसरा दिवस सोमवारी येत असेल तर राजवाडा पहिल्या दिवशी घ्या. आणि मांडवीला निघण्याआधी त्या दिवसाची ओहोटी किती वाजता आहे ते बघा. पाणी भरलेलं असलं की वाळू उरतच नाही, फक्त जेट्टी उरते. ओहोटी सकाळी असेल तर मांडवी सकाळी घ्या, भाट्ये भरतीलाही चालतं. लोहचुंबक आठवणीने पिशवीत टाका.

पुळ्याला तिसऱ्या दिवशी पहाटे जा. आरे-वारेवरून पाऊण तास. सात वाजता देवळात गर्दी नसते. पुढे मालगुंडला केशवसुतांचं घर आहे, तिथे थांबा. त्याबद्दल खरं तर वेगळा धागा काढायला हवा. @टिळक_आळी, तुम्ही काढता का?